एकशे साठ फूट

आधी पावलांनी मोजलं, मग टेपनं.
पावलं म्हणाली एकशे बहात्तर, टेप म्हणाला एकशे साठ.
निवृत्तीनंतर पाऊल आखूड होतं, एवढं कळलं.

वहीचं मागचं पान. लाईनमनचा हिशेब:
आठ फुटांवर एक, म्हणजे वीस खांब.
सिमेंटचा साडेतीनशेला, पांढरकवड्याहून, सात हजार.
ट्रॅक्टरवाला भाडं फोनवर सांगत नाही,
म्हणतो, या, बसू.

विटांची भिंत लाखाच्या वर,
आणि शालिक मिस्त्री स्वतःच म्हणाला, नको.
पोलीस पाटलांची त्यानंच बांधली होती.
दोन पावसाळे झाले, आता तिच्यातून सरडा आरपार जातो.

इथली माती मे महिन्यात कोपरापर्यंत हात गिळते
आणि श्रावणात फुगते.
तेहतीस वर्षं मी हिच्यात खांब उभे केले.
मुरूम लागेपर्यंत खणलं नाही
तर ही खांब ठेवून घेत नाही, ओकते.
म्हणून खड्डा तीन फूट. दीडशे रुपये एकाचे,
उन्हाळ्यात दोनशे,
कारण सकाळी नऊनंतर पहार धरवत नाही.

जाळी, चार फुटी: अठरा हजार.
फाटक: साडेसहा.
बेरीज तीनदा केली. पस्तीस हजार पाचशे.
आत काय आहे म्हणाल तर
एक लिंबू, आठ वांगी, दुर्पताचा ओवा
आणि एक शेळी,
जिच्यापासूनच वांगी वाचवायची आहेत.

काटेरी तार दोन हजारांत होते.
दुर्पता म्हणाली, आत्रामाच्या पोराची पाठ फाटली होती,
इसरले का जी?
अन् डुक्कर तं खालून येते.
त्याले तुमचा हिशेब समजत नाई.

मग दुपारी दीड वाजता
मला अंगणात उभं केलं तिनं, चपलेशिवाय.
"तुमच्या जाळीची सावली पडते काय?
मले डुकरासाठी नाई, हवेसाठी कुपन पाह्यजे."
हवा म्हणजे ती, एप्रिलपासून पश्चिमेची,
जी माठावरचं फडकं ओलं राहू देत नाही,
दोरीवरचं लुगडं पापडासारखं करून देते.

मेंदी लावा, म्हणते.
शेळी तोंड लावत नाही,
पहिले दोन उन्हाळे पाणी मागते,
तिसऱ्यात छातीएवढी.
मी म्हटलं, तिसऱ्यात मी चौसष्ट.
"मंग? केसाले लागन ना."

तर ठरलं ते असं, दोनदा खोडून:
खांब चौदा, बारा फुटांवर.
साधी तार, चार पदर.
मेंदी वाढेस्तोवर मधे पऱ्हाट्यांचा कूड,
उधळी खाईल तसा बदलायचा.
पश्चिमेला मेंदीच्या दोन ओळी, बाकी तिकडे एक.
फाटक जुन्या पलंगाच्या लोखंडाचं, वर गोणपाट बांधलेलं,
नाहीतर दुपारी उघडणाऱ्याची कातडी तिथंच राहील.
खड्डे मुरमापर्यंतच. इथं काटकसर नाही.
साडेअकरा हजार,
अधिक ट्रॅक्टरवाल्याबरोबर बसणं.

काल तार ताणली.
एक टोक शालिकनं धरलेलं, दुसरं खांबावर लोंबत होतं.
मी गेलो, आणि हात आपोआप उलटा झाला,
बोटांची पाठ हलकेच तारेला लावून पाहिली,
जशी तेहतीस वर्षं पाहिली.
शालिकला काही कळलं नाही.

दुर्पता लिंबाखाली बसली होती,
दुधाच्या पिशव्यांत माती भरून
मेंदीच्या काड्या खोचत.
मान वर न करता म्हणाली,
"बंद हाय. धरा."